दोघांच्या मापाची गाडी

दबके हे काही त्यांचं आडनाव नव्हे. गाड्या दबक्या करून देतात म्हणून कुणीतरी गमतीनं ठेवलेलं ते नाव, पण इतकं चिकटलं की नवी गिऱ्हाइकं चिठ्ठीवरही ‘श्री. दबके’ असंच लिहीत. सुरुवातीला त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. पुढे त्यांनीच गॅरेजच्या पाटीवर ते रंगवून घेतलं.

गाडी खाली बसवायची म्हणजे आखूड आणि कडक स्प्रिंगा घालायच्या, एवढं कुणालाही येतं. दबके मात्र आधी गिऱ्हाइकाला उभं करून ऐकवत, “हे बघा, गाडी जमिनीजवळ आली की वळणावर डोलणार नाही, स्टिअरिंग वळवाल तशी ऐकेल. पण स्प्रिंगला दबायला जागा कमी उरते. आजवर खड्डा गाडी सोसत होती, तो यापुढे तुमची कंबर सोसणार. दोन्ही सुखं पूर्ण हवी असतील तर दुसरीकडे जा.” बहुतेक जण हसत आणि चावी पुढे करत. या दोन्हींचा मेळ घालण्यात दबक्यांचा हातखंडा आहे, असं लोक म्हणत. खरं सांगायचं तर तो हातखंडा त्यांच्या बायकोचा होता.

तिला पाना धरायलाही आवडत नसे. पण तयार झालेल्या प्रत्येक गाडीत ती शेजारच्या सीटवर बसायची, डोळे मिटून घ्यायची आणि दबके एक फेरी मारून आणायचे. तिचे शब्द तीनच. स्प्रिंग मऊ पडली असेल तर “तरंगतंय”. कडक झाली असेल तर “बोचतंय”. आणि सगळं जमलं की “बसली”. बसली म्हटल्याशिवाय गाडी गॅरेजबाहेर पडत नसे, मग मालक दारात कितीही पाय आपटत उभा असो.

तीन वर्षांपूर्वी ती साध्या तापाचं निमित्त होऊन आठ दिवसांत गेली. दबक्यांनी महिनाभर शटर उघडलं नाही. उघडलं तेव्हा पहिल्याच फेरीत शेजारची सीट इतकी रिकामी वाटली की अर्ध्या वाटेवरून ते परत आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी एका पोत्यात वाळू भरली. चोपन्न किलो. ती स्वतःचं वजन बावन्न सांगायची, पण एकदा ती गाडीत बसलेली असताना चाकांखालच्या वजनकाट्यांनी खरं सांगून टाकलं होतं. दबक्यांनी ते तिला जन्मात कळू दिलं नाही. पोतं सीटवर ठेवलं की नव्या गाड्या पट्टा लावा म्हणून टिंगटिंग करत. मग ते पोत्याला पट्टाही लावत. एवढं झालं की त्यांना जरा बरं वाटायचं.

काम मात्र बिघडत चाललं होतं. गिऱ्हाइकं कुरकुरत, काही जण परत फिरकत नव्हते. ऐकणारा कान गेला, आता आपल्याच्यानं काही होत नाही, ही भीती दबक्यांच्या मनात घर करून बसली होती. शाळेतल्या भूगोलाच्या बाईंची गाडी तिसऱ्यांदा दारात आली, तेव्हा त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं. ही जमली नाही तर पाटी उतरवायची.

“उजवीकडे वळताना अगदी आज्ञाधारक असते,” बाई म्हणाल्या, “डावीकडे वळवलं की उलट उत्तर देते. माझ्या बाजूला कलते.”

“दोनदा फेरी मारली आपण. मला काही सापडलं नाही.”

“तेच तर. तुम्ही शेजारी असलात की शहाण्यासारखी वागते. घाटात एकटी गेले की परत तेच. आज मी एकटीच चालवते. तुम्ही बाहेर उभं राहून बघा.”

दबके रस्त्याच्या कडेला उभे राहिले. बाईंनी मोकळ्या मैदानाला वळसा घातला. उजवं वळण सुरेख गेलं. डाव्या वळणावर गाडी बाईंच्या बाजूला अशी झुकली की दबके दोन पावलं मागे सरले. सरळ येतानाही ती किंचित कललेलीच होती, उजवा खांदा पाडून चालणाऱ्या माणसासारखी.

बाई उतरल्या, हात झटकत आत आल्या. काट्यांवर दुसरी एक गाडी उभी होती. शेजारच्या सीटवर पट्टा लावलेलं पोतं.

“हे काय?”

“माप आहे,” दबके म्हणाले. मग बाईंची नजर हटेना म्हणून म्हणाले, “आमची ही बसायची तिथे.”

बाईंनी पोत्यावरच्या पट्ट्याला हात लावून पाहिला. “वजन करतानासुद्धा बसायच्या?”

दबक्यांनी पोत्याकडे पाहिलं. ती एक वेळ सोडली तर वजन करताना ती कधीच बसत नव्हती. ते स्टिअरिंगमागे बसायचे आणि ती खाली उतरून चार काट्यांवरचे आकडे मोठ्यानं वाचायची. त्या आकड्यांवरून ते चारही स्प्रिंगांची उंची जुळवायचे. ती गेल्यावर वाचायला कुणी नाही म्हणून त्यांनी काट्यांचे आकडे दाखवणाऱ्या डबीची वायर लांब करून घेतली आणि सीटवर बसूनच आकडे बघू लागले. पोतं शेजारी तसंच. ती उतरायची. पोतं उतरत नव्हतं. तीन वर्षं ते प्रत्येकाची गाडी दोघांसाठी जुळवून देत होते; शेजारी कुणी नसलं की ती चालवणाऱ्याच्या बाजूला कलणारच.

“कधीतरी शेजारी कुणी बसेल, असं धरून चालतो आपण,” ते कसंबसं म्हणाले.

“माझ्या शेजारी बारा वर्षांत कुणी बसलं नाही हो,” बाई साधेपणानं म्हणाल्या. “मला एकटीच्या मापाची करून द्या.”

दबक्यांनी पोतं उचलून भिंतीशी ठेवलं, ती गाडी खाली घेतली. बाईंची गाडी काट्यांवर चढवली, बाईंना स्टिअरिंगमागे बसवलं आणि स्वतः खाली बसून आकडे वाचले. दोन तास पाना फिरत होता. मग बाई एकट्याच फेरीला गेल्या. दबके दारात उभे राहिले. आली तेव्हा गाडीला कसलाच कल नव्हता.

“बसली?” त्यांनी विचारलं.

“काय बसलं?”

“नाही, म्हणजे कशी वाटली?”

“दोन्हीकडे सारखीच ऐकते. खड्डे जाणवतात, पण ते तुम्ही आधीच सांगितलं होतंत.” बाईंनी आभार मानले, निघताना दारातल्या दबक्यांच्या स्वतःच्या गाडीकडे पाहिलं, तिच्या पडलेल्या उजव्या खांद्याकडेही पाहिलं, आणि गेल्या.

हातात गुण शिल्लक होता. पाटी उतरवायची गरज नव्हती. दबक्यांना हायसं वाटायला हवं होतं.

ऊन उतरायच्या आत त्यांनी स्वतःची गाडी काट्यांवर घेतली. उजवीकडचं पुढचं टायर आतल्या बाजूनं झिजलं होतं, आणि त्याबद्दल त्यांनी टायरवाल्याला भर दुकानात फैलावर घेतलं होतं. ते एकटेच बसले. आकडे वाचले. उतरले, पाना घेतला, थोडं फिरवलं, पुन्हा बसले. सहा वेळा असं केल्यावर दोन्ही अंगं जुळली.

मग ते फेरीला निघाले. गाडी डावीकडे वळली, उजवीकडे वळली, कुठे कलली नाही. स्टिअरिंगवरचे हात सैल सोडले तरी ती नाकासमोर चालली. शाळेजवळच्या गतिरोधकाआधी बायको नेहमी समोर हात टेकवून “हळू” म्हणायची. दबक्यांनी गाडी हळू केली. पुढची चाकं चढून उतरली, मागची चढून उतरली, कुठे घासलं नाही. शेजारच्या सीटचा पट्टा लावलेला नव्हता आणि गाडी त्याबद्दल काही म्हणाली नाही.

इतकी नेमकी गाडी त्यांच्या हातून तीन वर्षांत झाली नव्हती. त्यांनी ती कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि बसली म्हणायला तोंड उघडलं.

“बोचतंय,” ते म्हणाले.