आत्याचे ओठ

१९६८ साल. त्या वर्षी रस्त्यांवरचे पिवळे दिवे काढून पांढरे बसवले आणि दिवेलागणीनंतर जो तो आजारी दिसू लागला. अशा वर्षी आजारी म्हणून एकट्या आत्यालाच बाजूला काढायचं काही कारण नव्हतं. पण काढलं.

आत्या नाटकमंडळीत प्रॉम्प्टर होती. पडद्याआड, विंगेत, बुटक्या स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता ठेवायची आणि नट अडला की त्याला पुढचा शब्द पुरवायचा. त्याला ऐकू जाईल आणि पहिल्या रांगेला जाणार नाही, एवढ्याच आवाजात. ऐन तारुण्यात त्या स्टुलावर बसली ती केस पिकले तरी तिथेच. तिच्या देखत कधी कोणी तोंडघशी पडला नाही, आणि कोणाला वाचवलं हे तिने कधी बोलून दाखवलं नाही.

लग्न केलं नव्हतं. धाकट्या भावाकडे राहायची. भावाच्या मुलीची आत्या, म्हणून सगळ्या आळीचीच आत्या. आता इतकी वर्षं केलेलं काम घराच्या उंबऱ्याबाहेर चपलांसारखं काढून ठेवता येत नाही. भाऊ रोज जेवताना म्हणायचा, "या घरात माझं ऐकतो कोण?" तो नुसता घास गिळायला थांबला, तरी आत्याचे ओठ हलायचे, "...ऐकतो कोण." घरात कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं.

मग भावाचे साहेब जेवायला आले. भावाने आपली ठेवणीतली गोष्ट काढली: कचेरीला आग लागली तेव्हा त्याने एकट्याने कपाटं कशी वाचवली. ऐन मोक्याच्या जागी तो थांबला, साहेबांची उत्कंठा वाढावी म्हणून. आत्याला वाटलं, अडला.

"आणि मी मागचापुढचा विचार केला नाही," तिने हळूच पुरवलं.

साहेबांना हसून हसून ठसका लागला. भावाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"वन्सं, यांचं वाक्य तुम्ही कशाला बोललात?" वहिनीने नंतर भांडी आवरताना विचारलं.

"अगं, तो अडला होता."

"अडले नव्हते. रंगात आले होते."

पुढच्याच आठवड्यात भाऊ तिला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टर तरुण, नुकतेच मोठं शिक्षण घेऊन आलेले. नवी कात्री हातात आलेलं माणूस दिसेल ते कापत सुटतं, तसे ते दिसेल त्याला आजाराचं नाव देत सुटले होते.

"तुम्ही पुटपुटता, असं हे म्हणतात. कोणासाठी?"

"जो अडेल त्याच्यासाठी."

"म्हणजे समोरचा काय बोलणार हे तुम्हाला आधीच कळतं?"

"कळतं की. सगळे तेच तेच तर बोलतात."

डॉक्टरांनी भराभर काहीतरी लिहिलं. आत्याने समजावलं की तिचं कामच ते आहे, ती नाटकात असते.

"नाटकात असता असं तुम्हाला वाटतं," डॉक्टर मऊ आवाजात म्हणाले.

"वाटायचंय काय त्यात? पगार घेते मी."

डॉक्टरांनी भावाकडे पाहिलं. तो खरं तेच बोलला. "जाते खरी रोज. पण स्टेजवर तिला कोणीच कधी पाहिलेलं नाही."

झालं. कागदावर 'भ्रम' उमटला. गोळ्या सुरू झाल्या. घरातल्या सुऱ्या वहिनीने धान्याच्या डब्यात लपवल्या. भाजी चिरायची म्हटली की आधी डबा उपसायचा. गोळ्यांनी आत्याची जीभ जड झाली, साधा शब्दसुद्धा नीट सुटेना, म्हणून ती रडली. डॉक्टरांनी 'औदासीन्य' लिहिलं आणि गोळी वाढवली. वाढलेल्या गोळीने रडूसुद्धा येईना, तेव्हा 'भावशून्यता' लिहिलं. भाऊ आल्यागेल्याला तिन्ही नावं सांगायचा, पोरीची पदकं दाखवावीत तशी. आळीतल्या बायका तिच्याशी मोठ्याने बोलू लागल्या, जणू ती बहिरी झाली होती.

आत्याला या कशाचं फारसं काही वाटत नव्हतं. जीव अडकला होता तो स्टुलात. नवं नाटक लागायचं होतं आणि मंडळीचे मॅनेजर दारात उभे राहून अवघडून म्हणाले होते, "बाई, डॉक्टरांची चिठ्ठी तेवढी आणा. लोक बोलतात हो. तोवर मी तिथे दुसरं कोणी बसवत नाही. पण पडदा उघडेपर्यंतच हं."

तिने डॉक्टरांना चिठ्ठी मागितली.

"मला काही झालेलं नाही, डॉक्टर."

"आजार मान्य न करणं हेच आजाराचं लक्षण असतं," डॉक्टर म्हणाले.

"बरं, मग झालाय आजार."

"बघा, म्हणजे आहेच."

हे वाक्य आत्याला पाठ होतं. दवाखान्यातली भिंत नुसती फळ्यांची, आणि बाहेरच्या बाकावर बसलं की आत प्रत्येकाला काय सांगतात ते स्वच्छ ऐकू यायचं. प्रत्येकाला तेच सांगायचे. 'औषधाला वेळ द्यावा लागतो.' 'मनाचा आजार ओळखायचा तर आधी माणसाचं नीट ऐकून घ्यावं लागतं.' हे दुसरं तर ते घड्याळाकडे बघत म्हणायचे. संहिता नसतानाही आत्याने सबंध भूमिका उतरवून घेतली होती.

बाकावर बसल्याबसल्या तिच्या ध्यानात आलं की तिला बरं व्हायचं नाही, फक्त ओठ हलवायचे नाहीत. ती जीभ टाळ्याला लावून बसू लागली. जेवताना भाऊ म्हणाला, "या घरात माझं..." आणि थांबला. कोणीच काही पुरवलं नाही. वाक्य तसंच ताटात पडून राहिलं.

"फरक आहे," भावाने डॉक्टरांना कळवलं.

डॉक्टर खूश झाले. दवाखान्याच्या नव्या इमारतीचं उद्घाटन होतं; त्यांनी ठरवलं की भाषणानंतर सगळ्यांसमोर आत्याला बरं झाल्याचा दाखला द्यायचा. तिला पहिल्या रांगेत मधोमध बसवलं, डाव्या हाताला भाऊ, उजव्या हाताला वहिनी. व्यासपीठावरून तिचे ओठ सहज दिसत होते.

डॉक्टर कागद न घेता उभे राहिले. छान बोलत होते. नवी इमारत झाली, औषधाला लागणारा वेळ झाला. मग आवाज चढवून म्हणाले, "मनाचा आजार ओळखायचा, तर आधी..."

आणि अडले.

हे थांबणं रंगात आल्याचं नव्हतं. आत्याला तो फरक कळत होता. मानेची शीर ताठते, नजर हवेत काहीतरी शोधू लागते. "तर आधी," ते पुन्हा म्हणाले. पाणी प्यायले. मागे कोणीतरी खोकलं. डॉक्टरांची नजर फिरत फिरत पहिल्या रांगेवर आली आणि आत्याच्या तोंडावर ठरली. अशीच नजर घेऊन नट विंगेकडे बघतात.

"ताई, सांग ना," भाऊ कानाशी कुजबुजला. "तुला येतंय ना?"

"मी बरी झालेय," आत्या म्हणाली.

"आता वन्सं, एकदाच," वहिनी म्हणाली.

आत्याची जीभ टाळ्याला इतकी घट्ट होती की तोंड कडू झालं. मांडीवर संहिता धरावी तसे तिने रिकामे हात धरले होते. आयुष्यात पहिल्यांदाच ती कोणालातरी पडू देत होती, आणि तो पडत होता, हळूहळू, सगळ्यांदेखत. शेवटी भाषण संपलं असं समजून मागच्या रांगेतल्या कोणीतरी टाळ्या वाजवल्या. बाकीच्यांनी सुटकेचा श्वास टाकून वाजवल्या.

दाखला देताना डॉक्टर हलकेच म्हणाले, "तुम्हाला आठवत होतं ना पुढचं?"

"पुढचं काय, डॉक्टर?"

त्यांनी सही केली. दुसरं करणार काय? ओठ हलले नव्हते. आत्या घरी येऊन मोरीत ओकली, मग तोंड धुऊन तालमीला गेली.

पुढे डॉक्टर फार मोठे झाले. आत्या हे त्यांचं गाजलेलं उदाहरण होतं. ते उदाहरण मात्र डॉक्टर नेहमी कागदावरून वाचून दाखवत. दवाखान्यातल्या तिच्या कागदांवरची तिन्ही नावं कोणी खोडली नाहीत. बरी झाल्याचं खाली लिहिलं, इतकंच. मॅनेजर वारले आणि मंडळी मोडली. थिएटरात आता सोफे विकतात. स्टूल आत्याने उचलून घरी आणलं होतं.

भाऊ म्हातारपणी शब्द विसरू लागला. चमच्याला चमचा म्हणायचं सुचेना, आपल्या पोरीचं नाव तोंडात येऊन अडायचं. आत्या त्याच्या खुर्चीमागे स्टुलावर बसून एकेक शब्द पुरवायची. त्याला कोणी आजार म्हटलं नाही, वय म्हटलं. वहिनी तेवढी भाजी चिरता चिरता बजावायची, "वन्सं, जरा हळू. त्यांना वाटू दे, आपलं आपल्यालाच आठवलं."

"मला शिकवू नकोस," आत्या म्हणायची.

भावामागून वर्षभरात तीही गेली. वहिनी त्यानंतर खूप जगली. जेवताना ती मधेच बोलायची थांबे, आणि थोडा वेळ वाट बघे.