बिननावाच्या माणसाचे अश्रू

"रडला! रडला!"

ओरडा उठला आणि बायका धडाधड गुडघ्यांवर बसल्या. नेपल्सच्या त्या गल्लीतलं चर्च एवढुसं, गर्दी दारापर्यंत. भिंतीवर साडेतीनशे वर्षं जुनं चित्र. काळा झगा, पांढरी कॉलर, अंधारातून पुढे आलेला पुरुषाचा चेहरा. कुणाचा, कुणालाच माहीत नाही. आणि नेपल्समध्ये बिननावाचा मेलेला म्हणजे हक्काचा माणूस. त्याला दत्तक घ्यायचं, त्याच्यासाठी प्रार्थना करायची, मग त्याने वरून आपला नवस पुरा करायचा. आजवर लोक तळघरातल्या बेवारस कवट्या दत्तक घ्यायचे. आता हे चित्र.

चर्चची देखभाल करणारा एर्सिलिओ मेणबत्ती चित्राच्या गालाशी धरून गर्जत होता, "मागा, मागा! ह्याला ना सगे ना सोयरे, तुमच्याशिवाय आहे कोण? रडला की समजा काम झालं! आणि अंगठी काढून ह्या ताटात ठेवा हो. सोनं चमकलं की त्याचे डोळे दिपतात!"

तुल्लिओ मागे उभा होता. जुनी चित्रं साफ करणं हा त्याचा धंदा. मार्चमध्ये बायको गेली, तेव्हापासून त्याला काही वाटतच नव्हतं. काम, जेवण, झोप. आजही तो आला नसता. पण मोठ्या बहिणीने, फिलोमेनाने, कालपासून मधुमेहाचं इन्सुलिन बंद केलं होतं, आणि आता ती त्याच्या पुढ्यातच गुडघ्यांवर बसली होती.

"ताई, ओठ सुकलेत तुझे. चल, सुई घे."

"तो माझ्यासाठी रडला, तुल्लिओ. आता सुई घेतली तर त्याला काय वाटेल?"

"नाही घेतलीस तर मरशील."

"तू नको सांगूस. बायकोच्या मयताला डोळा ओला झाला नाही तुझा. दगड आहेस नुसता."

खरंच होतं ते. गर्दीतून वाट काढत तो चित्रापाशी गेला.

"अरे, हात लावू नकोस! शाप लागेल!" एर्सिलिओ किंचाळला.

"लागू दे."

काडीला कापूस गुंडाळून त्याने चित्रातल्या पापणीखाली हलकेच फिरवला, रोज फिरवतो तसा. कापूस चिकट झाला. त्याने वास घेतला.

"डुकराची चरबी आहे. गार असते तोवर थिजलेली, मेणबत्ती जवळ आली की वितळते. रंग कधीच वाळून कडक झालाय, त्यातून थेंब येत नाही."

"खोटं बोलतोय मेला!" एक म्हातारी ओरडली.

तुल्लिओने खिशातून ड्रायव्हिंग लायसन काढलं. फोटोतल्या स्वतःच्या डोळ्यांखाली तोच कापूस घासला आणि एर्सिलिओच्या हातातली मेणबत्ती ओढून जवळ धरली. दोन थेंब गालांवरून घरंगळले.

"अगं बाई, हा पण रडतोय!" तीच म्हातारी म्हणाली. कुणीतरी फिसकन हसलं. एर्सिलिओ अंगठ्यांचं ताट उचलायला गेला, पण त्यावर आधीच चार बायकांचे हात पडले होते.

तुल्लिओने लायसन बहिणीपुढे धरलं. "बघ ताई, रडलो. कुणाचं काही भलं झालं? यापुढे काही रडलं की आधी बघ, मेणबत्ती कुणाच्या हातात आहे. विचारायला घाबरू नकोस. विचारल्याने देव रागावत नाही, फक्त एर्सिलिओ रागावतो."

तिने फोटोकडे पाहिलं. मग त्याच्या कोरड्या चेहऱ्याकडे, बराच वेळ.

"सुई आणलीयस का?" तिने विचारलं आणि बाही वर केली.