कडू घास

होडीतून धक्क्यावर पाय टाकायच्या आधी नीळकंठरावांनी बायकोच्या हातातला मोबाइल काढून घेतला.

"आण इकडे. पाण्यात पडला तर रडत बसशील."

शुभदाताईंनी निमूट दिला. एका हातात साडीच्या निऱ्या, दुसरा खलाशाच्या हातात, अशा त्या कशाबशा वर चढल्या आणि चढल्याबरोबर हात पुढे केला.

"द्या आता. आईला समुद्र दाखवायचाय."

"आधी जेवू. इथं रेंज नाही."

रेंज होती. पहाटे जहाज किनाऱ्याजवळ आलं, तेव्हाच इतकी चांगली होती, की आर्णीहून बोलणारा मेहुणा, अतुल, शेजारी उभा राहून रडतोय असं वाटलं होतं.

"भाऊजी, आई गेली. झोपेतच गेली न जी. ताईले धीरानं सांगा. उद्या सकाळपर्यंत आम्ही थांबतो, तुम्ही निघा तिकून."

निघता आलं असतं. जहाज मासेमारीच्या या गावापाशी दिवसभर नांगर टाकून राहणार होतं. गावातून टॅक्सी, पुढे विमान, नागपूरहून गाडी. रात्रीपर्यंत शुभदा आईच्या उशाशी बसली असती. हा सगळा रस्ता नीळकंठरावांना एका क्षणात दिसला आणि त्याच क्षणी त्यांचं डोकं फिरलं. याआधी दोनदा सहल ठरली आणि दोनदा मोडली. एकदा सासूबाईंचं कंबरेचं हाड, एकदा सासूबाईंचा मोतीबिंदू. आता कुठं यवतमाळ सोडलं, तर म्हातारीनं पुन्हा बरोबर वेळ साधली! नव्वदीला टेकलेली बाई. आज ना उद्या जाणारच होती. मग चार दिवसांनी गेली असती तर काय बिघडत होतं?

"नका थांबू," ते अतुलला म्हणाले. "हिला बोट लागली. उलट्या करून करून निपचित पडली आहे, प्रवास झेपायचा नाही. तुम्ही उरकून घ्या. आणि तिला कोणी फोन करू नका. मी सांगतो बरोबर."

उभी नोकरी त्यांनी अशीच केली होती. नको असलेला कागद गठ्ठ्याच्या तळाशी सारायचा. साहेब बदलेपर्यंत तो आपोआप निकालात निघतो. रात्री जहाज सुटलं, की हिला जवळ बसवून सांगू, असं त्यांनी ठरवलं. तोवर तिचा एक दिवस तरी आनंदात जाईल. हे शेवटचं त्यांना एवढं पटलं, की थोडा वेळ आपण मोठ्या मनाचे आहोत असंही वाटून गेलं.

धक्क्यालगत एक जाडजूड बाई बांबूच्या मांडवावर बांगडे वाळत घालत होती. कोणीतरी तिला "हंसाबाई" म्हणून हाक मारली, तशी ती वळली आणि शुभदाताईंकडे बघून हसली. शुभदाताईही हसल्या. नीळकंठरावांनी नाकाला रुमाल लावला.

"चल गं. वास बघ काय सुटलाय."

खानावळीत त्यांनी दोन सुरमई थाळ्या सांगितल्या. खिसा जड होत होता म्हणून दोन्ही मोबाइल टेबलावर ठेवले आणि हात धुवायला मागे गेले. परत आले तर टेबलावर एकच मोबाइल होता. शुभदाही नव्हती.

ते दाराशी आले. बाहेर, ओढून ठेवलेल्या होड्यांपाशी ती पाठमोरी उभी होती, मोबाइल कानाला. जावं का? पण जाऊन सांगणार काय? म्हातारीचा फोन पडला असेल कुठल्या कोनाड्यात वाजत. मयताच्या घरी कोण उचलतंय? तेवढ्यात थाळी आली. रवा लावून तळलेल्या तुकडीचा वास नाकात शिरला आणि नीळकंठराव बसले ते बसलेच.

एक तुकडी संपली. सोलकढीची वाटी संपली. होड्यांपाशी आता कोणीच नव्हतं. ते उठायच्या बेतात होते तेवढ्यात शुभदाताई आल्या. केस ओलेचिंब. टोकांतून पाणी ठिबकत होतं, पाठीवर पदर चिकटला होता.

"हे काय? लाट अंगावर घेतलीस का?"

"हं."

"लागला का फोन?"

"आईनं नाही उचलला."

नीळकंठरावांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी मोठ्या प्रेमानं तिची थाळी पुढे सरकवली.

"घे. आपल्याकडं बर्फातली मिळते, तिला कुठली ही चव!"

"नको."

"काहून?"

"बोट लागलीय मला."

त्यांचा घास हातातच थांबला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती समुद्राकडे बघत होती. लागतेच की माणसाला बोट, त्यात काय एवढं, असं मनाशी म्हणून त्यांनी तो घास तोंडात घातला आणि जरा जास्तच वेळ चावला.

दारातून हंसाबाई आत आली. तिच्या हातात ताट होतं, वर दुसरं ताट झाकलेलं. खानावळवाला काही बोलणार, तर तिनं नुसत्या नजरेनं त्याला गप्प केलं. सुरमईची थाळी बाजूला करून तिनं आपलं ताट शुभदाताईंपुढे ठेवलं. भात आणि बिनफोडणीचं वरण.

"जेव गो बाय. माझ्या दारात डोक्यावरनं न्हायलीस, आता दोन घास खा. अशा दिवशी शेजाऱ्यांनीच द्यायचं असतं. आज आम्हीच तुझे शेजारी."

"आमच्याकडे याला कडू घास म्हणतात," शुभदाताई तिला म्हणाल्या. हंसाबाईनं त्यांच्या ओल्या केसांवरून हात फिरवला आणि ती आली तशी निघून गेली.

कडू घास नीळकंठरावांना माहीत नव्हता असं नाही. त्यांचे वडील गेले, तेव्हा ते भिंतीला टेकून बसले होते, पाण्याचा थेंबही घेत नव्हते. आर्णीहून एसटीनं पिठलं-भाकरी बांधून घेऊन आल्या होत्या त्या याच सासूबाई, मैनाबाई. पहिला घास जावयाला त्यांनी स्वतःच्या हातानं भरवला होता.

"शुभा, मी रात्री सांगणारच होतो—"

"फोन गौरीनं उचलला." गौरी म्हणजे अतुलची मुलगी. शुभदाताईंचा आवाज अगदी रोजचा होता, भाजी काय आणू विचारावं तसा. "पोरगी आधी काय म्हणाली माहीत आहे? आत्या, उलट्या थांबल्या काय तुह्या?"

नीळकंठरावांनी टेबलावरचा आपला मोबाइल उलटा ठेवला.

"मी म्हटलं, थांबल्या. आईला दे. तेव्हा रडायला लागली. तोवर अग्नी देऊन झाला होता."

शुभदाताईंनी वरणभात कालवला. पहिला घास घेतला. डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही. पाणी प्याल्या आणि दुसरा घास घेतला.

नीळकंठरावांनी थाळीतून हात काढून घेतला. बोटांना रवा आणि तेल तसंच होतं. ते कुठं पुसावं, ते त्यांना कळेना.

शुभदाताईंनी मान वर केली.

"जेवा ना तुम्ही. जावयाला कुठं सुतक असतं? गार होतंय."