एक, कोळंबीशिवाय

"अगं, मंगळवारी गर्दी नसते, म्हणून मंगळवार," असं म्हणत बेगोन्यानं बाबागाडीचं पुढचं चाक उचललं आणि गाडी बारच्या उंबऱ्यावरून आत घेतली. "बाळाला त्रास नको."

बाळाची केवढी ती काळजी! लेइरेला हसू आलं. नाइया सात महिन्यांची झाली, तेवढ्यात या बाईनं तिला दोनदा पाहिलं होतं. त्यातलं एकदा फोनवर.

पण लेइरे हसली नाही. आज तिला भांडायचं नव्हतं. नवरा, आसिएर, घर सोडून गेल्यापासून लोग्रोन्यो शहरात तिचं म्हणावं असं हे शाळेपासूनचं टोळकंच तेवढं उरलं होतं. इथं माणूस नवरा बदलतो, घर बदलतो, टोळकं बदलत नाही. ते अजून आपलं आहे ना, एवढंच तिला पाहायचं होतं. त्यासाठी तिनं केस धुतले होते आणि दुधाचा डाग नसलेला ब्लाउज शोधून काढला होता.

बाहेर अजून लख्ख ऊन होतं. आत लसणाचा आणि तापल्या तेलाचा वास कोंडला होता. तव्याचे शिंतोडे उडणार नाहीत असा कोपरा बघून तिनं गाडी लावली, ब्रेक दाबला, तो लागला का हे हलवून पाहिलं, पुन्हा एकदा पाहिलं.

"अगं, ती गाडी पळून नाही जाणार," चारो म्हणाली.

"माणसं जातात, गाडीचं काय सांगावं," फेर्मिन बोलला आणि आपल्याच विनोदावर खो खो हसला. मग घाईनं पेला तोंडाला लावला. लाल वाइनचा पेला हातात आला की फेर्मिनची जीभ आधी धावायची आणि अक्कल मागून लंगडत यायची. शाळेतही तेच.

"आपल्या दर गुरुवारच्या फेरीची आठवण येते रे," लेइरे म्हणाली. तिच्या हातात द्राक्षांचा रस होता. पोरगी अंगावर पीत होती. "तुम्ही ती मोडलीतच शेवटी."

"कुणाला वेळ आहे, बाई!" बेगोन्या म्हणाली. "फेर्मिनची पाठ, चारोची आई..."

"माझी आई तर फारच आजारी," चारो घाईनं म्हणाली.

त्या आईसाठी लेइरे पोरीला पोटाशी बांधून सूप घेऊन गेली होती. म्हातारीनं स्वतःच दार उघडलं होतं, अंगात फिरायला जायचा कोट. बरी झाली वाटतं, म्हणून लेइरेला तेव्हा आनंद झाला होता.

तव्यापाशी बारवाला सेव्हेरो पाठमोरा उभा होता. या गल्लीतल्या प्रत्येक बारचा एकेक पदार्थ ठरलेला; त्याचा म्हणजे लसूण-तेलात भाजलेली मशरूम, एकावर एक रचून पावाच्या चकतीवर बसवलेली, वर एक कोळंबी. इथं उभ्यानं एक घास खायचा, एक पेला प्यायचा, आणि सगळ्यांनी मिळून पुढच्या बारला जायचं. काय हवं ते कुणी विचारत नाही. बारवाल्याला माणसं पाठ असतात. फेर्मिनचं हसू ऐकलं की पुढचं त्याचे हातच करतात.

"घ्या!" त्यानं बशा फळीवर सरकवल्या. "चार. त्यातला एक कोळंबीशिवाय. आसिएर बाहेर फोनवर बसलाय का? बोलवा त्याला. गेल्या गुरुवारीही गार करून खाल्लं त्यानं."

मग सेव्हेरोनं मान वळवली आणि त्याला लेइरे दिसली.

कोळंबीनं आसिएरचे ओठ सुजतात, हे त्याला कधीकाळी लेइरेनंच सांगितलं होतं. टोळक्यात आसिएरला तिनंच आणलं होतं, हाताला धरून.

फेर्मिन जमिनीवरचे कागदी रुमाल बघू लागला. चारोनं मशरूम तोंडात कोंबलं. तोंड भाजलं तरी थुंकायची सोय नव्हती.

"तो एकटा पडलाय गं," बेगोन्या हळूच म्हणाली. "त्याचं इथं दुसरं कुणी नाही. तुला आई आहे, बाळ आहे. आणि तू समजूतदार आहेस."

"आम्हाला कुणाची बाजू घ्यायची नव्हती," चारो भरल्या तोंडानं म्हणाली.

"म्हणून वार वाटून दिलेत?" लेइरेचा आवाज चढला नाही. "त्याला गुरुवार, मला मंगळवार. नाइयाचं कोर्टानंही असंच केलंय. पण कोर्टानं मला आधी सांगितलं होतं."

लेइरे एकेकाकडे बघत राहिली. यांच्यापेक्षा आसिएर बरा, असं तिला पहिल्यांदाच वाटलं. त्यानं निदान जाताना दार आपटलं होतं. ही माणसं चवड्यांवर चालत गेली, आणि वर बाळाच्या झोपेची काळजी!

"चला, पुढच्या बारला जाऊ," फेर्मिन पेला रिकामा करत म्हणाला. "तिथं बोलू नीट."

"तुम्ही व्हा पुढं."

"असं काय करतेस? मागं कोण राहतं?" बेगोन्यानं बाबागाडीची दांडी धरली आणि ओढली.

"ब्रेक लागलाय," लेइरे म्हणाली. "ओढू नकोस. उठेल ती."

बेगोन्यानं हात काढून घेतला. तिचे डोळे भरून आले होते. तिला रडू चटकन यायचं, आणि आजवर ते डोळे लेइरेच पुसत आली होती. आज तिनं पुसले नाहीत.

तिघं बाहेर पडली. उन्हात क्षणभर घुटमळली. मग त्यांच्या पाठी सैल झाल्या. परीक्षेचा पेपर एकदाचा देऊन टाकल्यावर पोरांच्या होतात तशा.

"पोरी, मला ठाऊक नव्हतं," सेव्हेरो म्हणाला. त्यानं कोळंबीशिवायची बशी उचलून कचऱ्यात उलटी केली. "तू मला दिसलीच नाहीस... मी माझा आपला..."

"तुमचं काय चुकलं? तुम्ही एकटेच खरं बोललात. आता मला एक द्या."

त्यानं ताजं भाजून दिलं, रसाचा पेलाही पुन्हा भरला, आणि उगाच तवा घासत बसला. मशरूम चटका बसेल इतकं गरम होतं. लेइरेनं फुंकर मारमारून, एका हातानं गाडी हलवत ते खाल्लं. लसणाचं तेल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

मग तिनं पेला उचलला. सवयीनं तो आधी पुढं गेला, कुणाच्या तरी पेल्याला लागायला. तिथं थोडा थांबला. आणि मग तिनं तो ओठांना लावला.