सोलां, फणस आणि दाजींची जीप

दाजी परबांची जुनी जीप सरळ रस्त्यावरही सरळ जात नसे. स्टिअरिंगमध्ये एवढा प्ले, म्हणजे ढिलेपणा, आला होता की ते सारखं डावी-उजवीकडे हलवत राहिलं तरच गाडी रस्त्यावर टिकायची. मुलगा चंदन म्हणे, विकून टाकूया. त्या रविवारी तो कुडाळला गेला आणि त्याची बायको किशोरी ओढणी कमरेला खोचून घरापुढच्या खळ्यात आली.

"दाजी, जॅक खंय आसा?"

"कित्याक गो?"

"स्टिअरिंग आज आपणच आवळूया."

आठवडाभर ती मोबाइलवर जुन्या जीपांचे व्हिडिओ बघत होती. दाजींना हे ठाऊक होतं. चष्मा लावून तेही मागून बघत असत.

जीपचं तोंड जॅकवर उचलून दोघांनी खाली ओंडके दिले. स्टिअरिंगच्या दांड्याच्या तळाशी, गिअरबॉक्सवर एक स्क्रू होता आणि त्याला धरून ठेवणारा गंजका नट. रॉकेल ओतलं, पाना लावला, दोघांनी मिळून जोर केला. नट कट्टकन सुटला तशी सासरा-सून एकदमच ओरडली.

किशोरीने स्क्रू जरासा पिळला. दाजींनी स्टिअरिंग हलवून पाहिलं. "कमी झालो गो! आणखी वाईच!"

तिने आणखी पिळला. "आणखी!" मग आणखी. शेवटी प्ले औषधालाही उरला नाही, आणि आनंदाच्या भरात दोघांनाही थांबायचं सुचलं नाही. नट आवळून जीप खाली उतरवली. किशोरी चालवायला बसली आणि पहिल्या गिअरमध्ये खळ्यातल्या फणसाच्या झाडाला वळसा घालू लागली.

वळसा संपेना. स्टिअरिंग वळलं ते वळलेलंच राहिलं.

"दाजी, सुटना नाय!"

"ओढ! उलट्या बाजूक ओढ!"

तिला हसू फुटलं आणि हातातलं बळच गेलं. जीप फणसाभोवती गरगरत राहिली, मागून लुंगी सावरत दाजी. आवाज ऐकून सासूबाई यशोदा बाहेर आल्या. जीपच्या वाटेवर त्यांनी आमसुलं वाळत घातली होती.

"माझी सोलां!" म्हणत त्यांनी अख्खी चटई उचलून डोक्यावर घेतली आणि पायरीवर उडी मारली. "गो बाये, ब्रेक नाय तुझ्या गाडीक?"

तेव्हा कुठे किशोरीला ब्रेक आठवला. जीप गचका खाऊन बंद पडली. दाजी बॉनेटवर डोकं टेकून हसत होते, किशोरी स्टिअरिंगवर. यशोदाबाईंच्या केसांतून कोकमाचा लाल रस ओघळत होता. त्या दोघांकडे रागाने बघायला गेल्या आणि त्यांनाही हसू आवरेना.

मग पुन्हा जॅक, पुन्हा पाना. या वेळी किशोरीने स्क्रू हळूहळू सैल केला. वळवून सोडलं की स्टिअरिंग आपोआप सरळ येऊ लागलं, प्लेही नावापुरताच राहिला. आता तिने नट कायमचा आवळला.

तिघं जीप घेऊन डोंगरमाथ्यावरच्या सड्यावर गेली. मोकळा कातळ, लांबवर समुद्र. दाजींनी एका हाताने गाडी सरळ रेषेत नेली आणि लहान मुलासारखे बायकोकडे वळून बघत राहिले.

"थांबवा," यशोदाबाई म्हणाल्या. "आता माका चलवची आसा."

"तुका? तुका खंय येता?"

"तुमी तरी आजच सरळ चलवल्यात."

दाजी उतरून बाजूला उभे राहिले. किशोरीने क्लच समजावला. दोनदा बंद पडून तिसऱ्यांदा जीप निघाली. सासूबाई दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, डोळे वटारून, समोर कुणी नसताना हॉर्न वाजवत सुटल्या, आणि मागून धावत येणाऱ्या दाजींसाठी त्या काही थांबल्या नाहीत.