तीन राखणदार

कुलूपकाकांच्या घरी जायचं म्हणजे पाहुण्याला आधी दारात पाच मिनिटं ताटकळावं लागे. वरची कडी, मधलं कुलूप, खालचं कुलूप, शिवाय साखळी. चाळीस वर्षं लोकांच्या दारांना कुलपं बसवून काका निवृत्त झाले, पण हात काही निवृत्त झाले नाहीत. साखरेचा डबा तेवढा मोकळा राहिला होता, तोही काकूंनी डोळे वटारले म्हणून.

त्या दिवशी मात्र कॉम्प्युटर अडून बसला होता. मागे इंटरनेटची वायर खोचली की गडी गारच पडे. बाण हलेना, घड्याळ सरकेना, बटणं दाबा नाहीतर बडवा, ढिम्म. वायर काढून बंद-चालू केला की पुन्हा शहाण्यासारखा वागे. आणि चार वाजता काकूंची मुलाखत होती, ह्याच कॉम्प्युटरवर.

मुलाखत साधीसुधी नव्हती. तीस वर्षं काकूंनी आतल्या खोलीत मशीन चालवून गल्लीभराचे कपडे शिवले होते. आता परगावच्या एका संस्थेला शिवणकाम शिकवायला बाई हवी होती. पहिले दोन महिने तिथे राहायचं, नंतर घरूनच पडद्यावर शिकवायचं. कॉम्प्युटर हाताळता येतो की नाही तेही मुलाखतीतच बघणार, असं पत्रात बजावलं होतं. काकूंनी ते पत्र इतक्यांदा वाचलं की घडीवर कागद फाटायला आला. काकांनी ते एकदाच वाचलं, "बरं आहे" म्हणाले आणि पुढचे आठ दिवस मूग गिळून बसले.

सव्वातीन वाजले तरी काका टेबलामागे उकिडवे बसून ब्रशने धूळ झाडत होते.

"थोडं तेल सोडू का गं?"

"कशात?"

"कुठे कुरकुरत असेल तिथे."

"तो कुठे कुरकुरतोय? मी कुरकुरतेय. व्हा बाजूला."

काकूंनी आपला बटणांचा फोन उचलला, पुतणीला लावला आणि स्पीकर चालू केला. पुतणी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती, आणि काका-काकूंचं भांडण ऐकत ऐकत काम करायची तिला सवय होती.

"वायर काढली की नीट चालतो ना?" तिने विचारलं. "मग यंत्र ठणठणीत आहे. इंटरनेट लागल्या लागल्या आत काहीतरी धावाधाव करतंय. काकांना विचार, नवीन काय टाकलंय?"

"काही नाही," काकांनी लांबूनच कानावर हात ठेवले.

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. असं काही न विचारता बघितलं की काकांचा कबुलीजबाब साधारण अर्ध्या मिनिटात बाहेर येई, हा तीस वर्षांचा अनुभव. पण आज वेळ कमी होता. त्यांनी वायर काढली, कॉम्प्युटर चालू केला आणि नाकावर चष्मा चढवून पडदा कोपऱ्यापासून तपासायला घेतला, कापडाचा दोष शोधावा तसा. खाली घड्याळाशेजारी ढालीची चित्रं होती. एक निळी, एक हिरवी, एक लाल.

"ह्या तीन ढाली कसल्या?"

फोनमध्ये पुतणीला हसू आवरेना. "काकू, ते व्हायरस पकडणारे राखणदार. घरात एक ठेवतात. तीन ठेवले तर ते एकमेकांनाच चोर समजतात. इंटरनेटचं दार उघडलं की तिघं एकदम धावतात, एकमेकांची मानगूट धरतात आणि दारातच अडकून बसतात. त्यातले दोन काढ."

"निळा कॉम्प्युटरबरोबरच आला होता," काका पुटपुटले. "फुकटच्यावर भरवसा नाही म्हणून हिरवा मी विकत आणला."

"आणि लाल?"

"गेल्या आठवड्यात टाकला. तुझं पत्र आलं त्या दिवशी."

काकूंचा हात थांबला. आठ दिवसांची ती चुप्पी, आणि त्याच दिवशी टाकलेली ही लाल ढाल.

"मी जाऊ नये म्हणून केलंत का हो?"

काकांचं तोंड एवढंसं झालं. "अगं, कुणाला अडवायचं असतं तर मला एक कुलूप पुरतं. ऐन मुलाखतीत कुणी आत घुसून घोळ घातला तर, म्हणून टाकला. तुझ्यासाठीच." मग फोन चालू आहे हे विसरून म्हणाले, "तू जावंस असं मनापासून वाटतं. पण घर खायला उठेल गं मला. मी बोलू कुणाशी?"

काकूंना त्यांचा राग आला, कीव आली, आणि हे आठ दिवसांपूर्वी बोलायला काय झालं होतं, असंही वाटलं.

"मी फोन ठेवू का?" पुतणीने विचारलं.

"अजिबात नाही. साडेतीन झालेत. सांग कसे काढायचे."

काढताना काकांचा जीव तीळतीळ तुटला. हिरव्याने तर "खरंच काढायचं का?" असं तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा काकांनी काकूंकडे पाहिलं. तिसऱ्यांदा काकू म्हणाल्या, "तुम्हीच दाबा." काकांनी दाबलं. लाल त्यांनी न सांगता काढला.

चारला सहा मिनिटं असताना वायर खोचली. बाण हलला. घड्याळ पुढे सरकलं. काकूंनी पदर सारखा केला आणि काकांना खोलीबाहेर काढलं.

संस्थेच्या मुख्य बाई पडद्यावर आल्या. बाही कशी बेतायची, पोरींची शिलाई बिघडली तर काय कराल, असं बरंच विचारलं, आणि काकू सुटल्या त्या सुटल्याच. मशीनपुढे बसल्यासारख्या निवांत बोलत होत्या. शेवटी बाई म्हणाल्या, "मला तुम्ही पसंत आहात. पण दोन महिने इथे राहावं लागेल. घरी काही अडचण?"

आजवर असं कुणी विचारलं की 'घरी विचारून सांगते' हेच काकूंच्या तोंडून निघायचं.

"आहे ना," काकू म्हणाल्या. "दाराआड उभी आहे. दोन दिवस तोंड पाडून बसेल, मग शिकेल स्वतःचं स्वतः करायला. मी येते."

बाई हसल्या. दाराआडून घसा खाकरल्याचा आवाज आला.

"दोन नाही," काका म्हणाले. "चार दिवस."