एक वीत चार बोटं

शेवंताबाईंनी निळं साटीन पलंगावर पसरलं, पंख्यानं उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या आणि कात्री हातात घेऊन नवऱ्याकडे वळल्या.

"हं, सांगा माप."

मारोतराव खिडकीपाशी पेपर वाचत बसले होते. रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती, आणि या दोन वर्षांत घरात त्यांना विचारलं जायचं ते एवढंच, की दूध आणलं का आणि मोटर बंद केली का. त्यांनी पेपराची घडी घातली.

"कशाचं माप?"

"खुर्चीचं, आणखी कशाचं! हाफिसात बत्तीस वर्षं तुमी काढले का मी?"

सोमवारी चेतना नव्या रायपूरच्या मंत्रालयात रुजू होणार होती. सहायक ग्रेड-तीन, म्हणजे कारकून! पत्र आलं त्या दिवसापासून गुढियारीतल्या या दोन खोल्यांत कोणाचं डोकं ठिकाणावर नव्हतं. शेवंताबाई भाजीत दोनदा मीठ घालत होत्या. मारोतराव पत्राची झेरॉक्स खिशात घेऊन फिरत होते, आणि ज्यांनी ती तीनदा वाचली होती त्यांनाही परत वाचायला देत होते. पोरीला खुर्ची मिळणार होती, मंत्रालयातली, तिची एकटीची. त्या खुर्चीवर तिच्या नावाची, घरी शिवलेली उशी पहिल्या दिवसापासून असलीच पाहिजे, असं शेवंताबाईंनी ठरवून टाकलं होतं. शुक्रवारी गोल बाजार पालथा घालून त्यांनी साटीन आणलं, पिवळं रेशीम आणलं, काठाला लावायची झालर आणली.

मारोतराव उठले. आधी त्यांनी खुंटीवरचा सदरा अंगात घातला. माहिती सरकारी होती, ती बनियनवर कशी द्यायची! मग डोळे मिटून त्यांनी उजवा हात हवेत पसरला, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, आणि पुढे डाव्या हाताची चार बोटं जोडली.

"एक वीत चार बोटं. लांबीबी तेवढीच, रुंदीबी तेवढीच. लिहून घे."

शेवंताबाईंची कात्री उघडी ती उघडीच राहिली. एरवी नवऱ्यानं बारा वाजले म्हटलं तरी त्या घड्याळ पाहून येत. आज त्यांनी एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या त्या हवेतल्या हाताकडे पाहिलं.

"पक्कं?"

"आता घ्या! झोपेतून उठवून विचार, हेच सांगीन. बोटभर फरक निघाला तर नाव बदलून टाकजो माझं."

"बरं," त्या म्हणाल्या आणि कापड कापलं.

तेवढ्यात चेतना इस्त्रीचे कपडे घेऊन आत आली. पलंगावरचा पसारा पाहून ती दारातच थांबली.

"मम्मी, ये क्या बन रहा है?"

"तुझ्या खुर्चीची उशी."

"ऑफिस में तकिया कौन ले जाता है! सब हँसेंगे."

चेतनाला मराठी सगळी कळायची, पण तोंडातून हिंदीच यायची. शाळा हिंदी, कॉलेज हिंदी, मैत्रिणी हिंदी. आई मराठीत विचारायची, लेक हिंदीत उत्तर द्यायची, आणि त्यात काही वेगळं आहे असं घरात कोणाला वाटत नसे.

"हसू दे हसतात तं," मारोतराव म्हणाले. ते आता चांगलेच रंगात आले होते. "तुले मालूम नाही बेटा. खुर्चीवर नाव नसलं तर ती संध्याकाळपर्यंत टिकत नाही. दुसऱ्या सेक्शनवाले उचलून नेतात. मी सोता किती पळवल्या! साहेब म्हणे, मारोती, एक कुर्सी का इंतजाम करो. की चाललोच मी तिसऱ्या माळ्यावर."

"बाबा! आपने चोरी की?"

"चोरी काहून? सरकारची खुर्ची सरकारच्याच हाफिसात. माळा तेवढा बदलला." ते बायकोकडे वळले. "नाड्या पाहिजन. चार कोपऱ्याले चार. चारही पायाले गाठ मारली का कोणाच्या बापाची ताकद नाही."

चेतनानं कपाळाला हात लावला. पण ती हसत होती, आणि हसताना तिच्या हातातले कपडे चुरगळत होते. मग शेवंताबाईंनी ते ओढून घेतले आणि तिला चांगलंच फैलावर घेतलं.

नाव मारोतरावांनीच काढलं. सरकारी कागदात ते भृत्य होते आणि बोलण्यात चपराशी, पण अक्षर त्यांचं सबंध हाफिसात देखणं. कपाटं, फायलींचे रॅक, खुर्च्यांच्या पाठी, सगळ्यांवर ऑइलपेंटनं नावं टाकायचं काम त्यांच्याकडे असे. किती साहेब आले आणि किती गेले, जुनं नाव घासून त्यावर नवं नाव त्यांनी किती वेळा लिहिलं, त्याला गणती नव्हती. आता शिंप्याचा खडू घेऊन ते साटिनावर वाकले तेव्हा मात्र पहिलं अक्षर त्यांनी दोनदा पुसून परत काढलं.

"मधात नका लिहू," शेवंताबाई ओरडल्या. "नावावर बसते का कोणी! काठाले लिहा."

"कुमारी चेतना मारोती रामटेके, सहायक ग्रेड-तीन, असं पूरं लिहितो."

"एवढं मावते का त्याच्यात?"

मावलं नाही. आधी ग्रेड-तीन गेलं, मग सहायक गेलं, शेवटी कुमारीही गेली. राहिलं ते 'चेतना मारोती रामटेके'. शेवंताबाईंनी ते पिवळ्या रेशमानं साखळी टाक्यात भरायला घेतलं. मारोतराव शेजारी बसून एकेका टाक्यावर लक्ष ठेवून होते. 'मारोती'वर सुई आली तेव्हा ते उगाचच खाकरले आणि पाणी प्यायला उठले.

छत्तीसगड राज्य झालं तेव्हा चेतना दहा वर्षांची होती. रायपूर राजधानी झालं म्हणून फटाके फुटत होते आणि मारोतराव तिला खांद्यावर घेऊन जयस्तंभ चौकापर्यंत गेले होते. घरी येऊन ते म्हणाले होते, "आता मोठमोठे हाफिस येतीन, खुर्च्याच खुर्च्या येतीन. एक तरी आपल्या घरात येईनच." शेवंताबाईंना ते वाक्य जसंच्या तसं आठवत होतं. त्यांना बऱ्याच गोष्टी आठवत असत. हेही आठवत होतं, की नवऱ्यासाठी त्यांनी अशीच एक गादी शिवली होती. नवी नोकरी, नवं लग्न. जुन्या लुगड्याची खोळ, आत माहेरचा कापूस. तिसऱ्या दिवशी मारोतराव ती काखेत मारून परत घेऊन आले. साहेबानं सगळ्यांसमोर विचारलं होतं, चपरासी हो या मेहमान? त्यानंतर त्या गादीचा विषय कधी निघाला नाही. ती स्वयंपाकघरात गेली. शेवंताबाई तिच्यावर बसून पोळ्या लाटायला लागल्या, आणि पाच खोळी बदलून ती गादी अजून तिथंच होती.

रविवारी कापूस भरला. भंडाऱ्याहून भावानं पाठवलेला सावरीचा कापूस, इतका हलका की भरता भरता घरभर उडाला आणि मारोतरावांच्या मिशीत जाऊन बसला. चेतनाला इतकं हसू आलं की तिला उचकी लागली. झालर लागली, नाड्या लागल्या. उशी तयार होऊन पलंगावर बसली तेव्हा तिघंही तिच्याकडे पाहत उभे राहिले. निळ्यावर पिवळं नाव काय झळकत होतं! शेजारची दुर्गा दीदी येऊन बोट फिरवून गेली, "अब्बड सुग्घर हे", फारच सुंदर आहे, असं तिच्या छत्तीसगढीत म्हणाली, आणि मारोतरावांनी तिला लगेच पत्राची झेरॉक्स दाखवली.

सोमवारी सकाळी बुद्धवंदना झाली, दही-साखर झाली, आणि चेतना निघून गेल्यावर पाच मिनिटांनी शेवंताबाई किंचाळल्या.

उशी पलंगावरच होती.

विसरली, का मुद्दाम ठेवून गेली, हा विचार करायला वेळ नव्हता. मारोतरावांनी उशी उचलली आणि ते पळत सुटले. चौसष्ट वर्षांचा माणूस, एकाच पायात चप्पल, काखेत निळी उशी, मागे झालर फडफडते आहे. स्टेशनासमोर मंत्रालयाची बस उभी होती, भरलेली, इंजिन चालू. त्यांनी खिडक्या-खिडक्यांतून पाहिलं, लेक दिसली, आणि खिडकीतून उशी आत कोंबली.

"घे... घे! आणि नाड्या घट्ट बांधजो!"

सगळी बस पाहत होती. चेतना लाजेनं लालेलाल झाली. तिनं उशी पटकन उलटी करून मांडीवर घेतली, नाव आत आणि पाठ वर. पण बस हलली तेव्हा खाली गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकणारे बाबा तिला दिसले. ते तशाही अवस्थेत टाटा करत होते.

मंत्रालयात तिला सेक्शन मिळालं, टेबल मिळालं, आणि खुर्ची मिळाली. काळी, गुबगुबीत, चाकांची, गोल फिरणारी. चेतना आधी हळूच बसली, मग कोणी पाहत नाही असं बघून अर्धी गिरकी घेतली. समोरच्या बाईंनी नाव विचारलं, तर घाईत तिनं नावाआधी पदच सांगून टाकलं.

मग तिनं पिशवीतून उशी काढली आणि खुर्चीवर ठेवली. ताटात वाटी ठेवावी तशी ती मधोमध बसली. चारही बाजूंनी काळी खुर्ची उघडी. नाड्या बांधायला पाय चार नव्हतेच, खाली एक दांडा आणि चाकं. चेतनाला रागच आला. बत्तीस वर्षं ऑफिसात काढली बाबांनी! खुर्च्या पुसल्या, उचलल्या, पळवल्या, नावं घातली, आणि माप एवढंसं? तिनं उशी परत पिशवीत घातली.

"मॅडम, बड़े बाबू याद कर रहे हैं."

दाराबाहेरचे चपराशी तुळशीराम तिच्यासमोर उभे होते. केस पांढरे, बाबांच्याच वयाला टेकलेले. तिला मॅडम म्हणताना ते किंचित वाकले. ती जायला निघाली तर ते पुढे होऊन दार धरून उभे राहिले, आणि ती परत येईपर्यंत उभेच होते. ती येऊन बसली तेव्हाच ते आपल्या स्टुलावर टेकले. नव्या इमारतीत सगळं नवं होतं. ते लाकडी स्टूल मात्र कुठल्या तरी जुन्या हाफिसातून आलेलं होतं, चौकोनी, चार पायांचं, वरची फळी बसून बसून गुळगुळीत झालेली.

चेतना त्या स्टुलाकडे पाहत राहिली.

दुपारी तुळशीराम फायली घेऊन वर गेले. सेक्शनमधले सगळे डबा खायला गेले होते. चेतना उठली, पिशवी घेऊन दाराबाहेर आली आणि उशी स्टुलावर ठेवली. कोपऱ्याला कोपरा लागला. तिनं खाली बसून एक नाडी पायाला लावून पाहिली, मग दुसरी. चारही पुरल्या. कुठं कमी नाही, कुठं जास्त नाही. आईच्या त्या स्वयंपाकघरातल्या गादीवर ती लहानपणापासून बसली होती, आणि ती गादी एवढीच का, हे तिनं कधी कोणाला विचारलं नव्हतं. तिनं चारही नाड्यांना गाठी मारल्या.

"बढ़िया गद्दी है, मॅडम," मागून तुळशीराम म्हणाले. त्यांनी वाकून नाव वाचलं आणि हसले. "पर नाम आपका, स्टूल हमारा."

"पिताजी ने नाप दिया था," चेतना म्हणाली.

तुळशीरामांनी स्टुलाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं.  मग खाली बसून त्यांनी तिला गाठी सोडायला मदत केली.

उरलेला दिवस उशी चेतनाच्या पाठीशी होती. नाव बाहेर, सगळ्यांना दिसेल असं. समोरच्या बाईंनी विचारलं, कुठून आणली? ती म्हणाली, घरी केली, आईनं आणि बाबांनी.

संध्याकाळी बस स्टेशनासमोर थांबली तेव्हा मारोतराव तिथं हजर होते. तासाभरापासून असावेत. तिनं खाली पाय ठेवायच्या आत त्यांनी विचारलं.

"बसली का बरोबर?"

त्यांचा चेहरा परीक्षेच्या निकालाला उभ्या राहिलेल्या पोट्ट्यासारखा झाला होता. चेतनानं त्यांच्या हाताकडे पाहिलं, त्या वितीकडे, त्या चार बोटांकडे.

"बरोबर बसली, बाबा," ती मराठीत म्हणाली. "बोटभरबी फरक नाही."

"पाह्य!" मारोतरावांनी हवेत हात मारला. "म्हटलं नव्हतं मी? तुझी आई म्हणे, पक्कं का? अवं पक्कं म्हणजे काय!" घरी पोहोचेपर्यंत त्यांनी चार जणांना हे सांगितलं, आणि घराशी आल्यावर दुर्गा दीदीला सांगायला बाहेरच थांबले.

शेवंताबाई स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होत्या. चेतना आत आली, पिशवी ठेवली आणि आईच्या गळ्यात पडली. पीठ सगळं नव्या कुर्त्याला लागलं. दोघी हसल्या, दोघींनी डोळे पुसले. मग शेवंताबाईंनी पोळी तव्यावर टाकली.

"हं. आता खुर्चीचं सांग. कापड उरलं आहे."

चेतना आईसमोर उकिडवी बसली.

"तुले मालूम होतं?"

"चौतीस वर्षांपासून बसून राहिली मी या मापावर," शेवंताबाई म्हणाल्या आणि बसल्या जागी गादीवर हात आपटला. "मले नाही मालूम होणार?"

"मग बोलली काहून नाही?"

शेवंताबाईंनी पोळी उलटली. बाहेर मारोतरावांचा आवाज चढला होता, आणि हाताची वीत ते दुर्गा दीदीला दाखवत असणार, हे दोघींना न पाहताच कळत होतं.

"हाफिसातलं त्यायले या घरात कोणी कधी काही विचारलंच नाही," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा विचारलं होतं. मले नाही खोडता आलं." मग चिमटा ठेवून त्यांनी पदराला हात पुसले. "चाल, सांग लवकर. केवढी आहे खुर्ची?"

"मी नाही सांगणार," चेतना म्हणाली. "शनिवारी बाबाले घेऊन जाईन. पास काढीन त्यायच्या नावाचा. माप तेच घेतीन."

"उभ्यानं?"

"नाही," चेतना म्हणाली. "बसून."